लवूची वेगळी चूल

वरची वाडी, ता. २ जुलै १९६१

राधाबाईस आनंदीकडून.

तुझं कार्ड पोचलं. पोस्टमनने ते आधी स्वतः वाचलं, मग वाटेत दोघांना सांगितलं, मग मला आणून दिलं. पुढच्या वेळी शिव्या पाकिटात घालून पाठव.

तू लिहितेस की जाऊबाईने, म्हणजे मी, तुझ्या लुळ्या नवऱ्याला घराबाहेर काढलं आणि अंगणापलीकडच्या मांगरात म्हशीच्या शेजारी नेऊन टाकलं. हे तुला तुमच्या गिरणीतल्या दत्तारामने सांगितलं, दुसरं कोण सांगणार. मे महिन्यात तो इथे आंबे खायला आला होता. मांगराच्या कौलांतून धूर निघताना त्याने पाहिला. धूर पाहिला तेवढं खरं आहे. बाकीचं त्याने मुंबईला जाताना बोटीत बसून रचलं. बोटीत दुसरं काम नसतं.

आता काय झालं ते सांगते. मला लांबण लावता येत नाही, वेळही नाही, लावणी चालू आहे.

जानकी सातवी पास झाली. तिला पुढे शिकायचं आहे. मी तिसरीतून शाळा सोडली, माझी हरकत नाही. पण हायस्कुलाला फी पडते. सरकारने कमी मिळकतीच्या घरातल्या मुलांना फी माफ केली आहे. मला वाटलं आपल्याहून कमी मिळकत कोणाची असणार. हे गेल्यापासून घरात एका कुणग्याच्या तुकड्यात पिकतं तेवढं भात, चार माड आणि म्हैस. मी हेडमास्तरांकडे गेले. ते म्हणाले, "घरात पुरुष माणूस कोण?" मी म्हटलं, माझा दीर, लवू. "काय करतो?" म्हटलं, काही करत नाही, गिरणीत पट्ट्यात हात सापडला, उजव्या हाताची बोटं मेली, म्हणून घरी आहे. "मग त्याला काही मिळत असेल." म्हटलं, गिरणीच्या विम्याची पेन्शन येते, मनिऑर्डरीने. झालं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. पेन्शन धरली तर आपण सरकारच्या आकड्याच्या वर जातो. फार नाही, थोडेच. पण वर ते वर.

म्हणजे बघ, हात गेला म्हणून त्याला पैसे, आणि पैसे मिळतात म्हणून माझी पोर श्रीमंत. मी त्यांना तसं म्हटलं. ते म्हणाले, तलाठ्याकडे जा.

तलाठी भाऊसाहेब बरा माणूस, पण पान खाऊन बोलतो, अर्धं कळत नाही. तो म्हणाला, "बाई, चूल एक तर कुटुंब एक. कुटुंब एक तर मिळकत एक. दिराची चूल वेगळी असेल तर त्याची पेन्शन त्याची. मी तसा दाखला देतो."

मी म्हटलं, "तर मग वेगळी लिहा."

"लिहा काय? दाखवा. पंच घेऊन येतो, पंचांनी बघितली पाहिजे."

म्हणून मी मांगरात तीन दगड मांडले, माती लिंपली, दोन दिवस जाळ करून काळी केली. लवूच मदतीला होता. हसत होता. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

पंच म्हणजे धोंडू गावकार. देवळात गाऱ्हाणं घालतो तो. त्याने चूल बघितली, राख बघितली आणि म्हणाला, "आनंदी, मी देवाचो माणूस. खोट्यार अंगठो मारूचंय नाय. चूल वेगळी झाली तर ती देवाक सांगूक होयी. नारळ ठेवा, देवाक सांगूया, मगे मारतंय अंगठो."

भाऊसाहेब घड्याळ बघत होता. मी म्हटलं, एक नारळ ना, ठेव. एका नारळात वर्षाची फी सुटत होती. तू असतीस तर तूही ठेवला असतास.

देवळात धोंडूने गाऱ्हाणं घातलं, बा देवा म्हाराजा, ह्या घरातलो लवू आजपासून वेगळो रांधून खातलो, तेच्या चुलीची राखण कर, तेच्या पानात कमी पडूक देव नको. चार माणसं "व्हय म्हाराजा" म्हणाली. मीही म्हणाले. लवू मेलेला हात चांगल्या हातात धरून उभा होता. भाऊसाहेबाने दाखला लिहिला. जानकीची फी माफ झाली.

त्या दुपारी मी दोन पानं वाढली आणि हाक मारली. तो मांगराच्या दारात बसलेला.

"लवू, जेवक चल."

"नको गो वयनी."

"भाऊसाहेब गेलो रे. आता कोण बघता?"

"भाऊसाहेब गेलो. देव खंय गेलो?"

मला वाटलं थट्टा करतो. संध्याकाळी त्याने डाव्या हाताने भात रांधला, खाली जळला, वर कच्चा. तोच खाल्ला. तेव्हापासून असंच चाललं आहे. माझ्या घरातला घोटभर चहा घेत नाही. म्हणतो, देवाला सांगितलेलं खोटं कसं करायचं. मी शिव्या दिल्या, रडून बघितलं, रडणं मला नीट येत नाही. जानकीने ताट नेलं, परत पाठवलं. आणि वाडी म्हणते की आनंदीने त्याची पेन्शन खाऊन त्याला बाहेर काढलं. पेन्शन त्याच्याच पेटीत आहे. किल्ली त्याच्या कमरेला.

तेव्हा तुझ्याकडे एकच काम आहे. तू त्याची बायको, तुझं तो ऐकेल. त्याला लिही की दाखला दाखल्याच्या जागी, जेवण जेवणाच्या जागी, वहिनीच्या घरात जेव. एवढं लिही. बाकी माझ्याबद्दल काय वाटतं ते नंतर लिही.

आनंदी


वरची वाडी, ता. २५ सप्टेंबर १९६१

राधाबाईस.

तू लिहिलं नाहीस. त्यालाही नाही, मलाही नाही. पोस्टमनला विचारलं, तो म्हणाला मुंबईचं काही असतं तर मला आधी कळलं असतं. ते खरं आहे.

गणपती होऊन गेले. सांगण्यासारखं एवढंच की तुझ्या नवऱ्याने नाव काढलं. गणपती थोरल्या घरात बसतो, म्हणजे माझ्याकडे. लवू आरतीला आला, बसला, टाळ वाजवला डाव्या हाताने. मला वाटलं आता जेवेल, गणपतीपुढे कसली वेगळी चूल. तर म्हणतो, "वयनी, वेगळ्या चुलीचोय निवेद आसता. उद्या माझी पाळी."

वाडीतले सगळे बसलेले. धोंडू गावकार मान हलवतो, "बरोबर आसा, बरोबर आसा." मी धोंडूकडे बघितलं, तो दुसरीकडे बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी त्याने मांगरात भात, वरण आणि भोपळ्याची भाजी केली. नारळ खोवायला डाव्या हाताला जमत नाही, म्हणून त्याने विळीची पाटी गुडघ्याखाली दाबली आणि वाटी त्या मेलेल्या बोटांत खुपसून धरली. ती बोटं वळत नाहीत, पण आकड्यासारखी अडकतात. हे त्याने कोणाला विचारून केलं नाही. मी अंगणातून बघत होते. मदतीला गेले नाही, कारण गेले असते तर म्हणाला असता वेगळ्या चुलीला हात लावू नको.

गणपतीपुढे दोन नैवेद्य ठेवले. माझा आणि त्याचा. त्याची भाजी बरी झाली होती. मी चाखली नाही, जानकीने सांगितलं. प्रसाद म्हणून तिला चालतं, मला का चालू नये ते विचारू नको.

जानकी आठवीत आहे. फी नाही. पुस्तकं जुनी मिळाली. ती हुशार आहे, मी सांगते म्हणून नव्हे.

माझं पहिल्या पत्रातलं काम अजून तसंच आहे. लवूला लिही. पावसात मांगर गळतो, त्याने वरून माडाच्या झावळ्यांची चुडतं टाकली आहेत. म्हैस आणि तो एकाच वासात झोपतात. तुला हे बरं वाटतं का?

आनंदी


वरची वाडी, ता. ४ डिसेंबर १९६१

राधाबाईस.

तुझं पाकीट मिळालं. पाकिटात पाठवलंस, ते बरं केलंस. पण आत एवढंच, "मी काय लिहू? त्या घरात चुलीवर तुमचंच राज्य होतं, आता ते एकटे सुटले तर मी त्यांना परत कशाला धाडू?"

हे तू कधीपासून मनात ठेवलं होतंस?

लवूचा हात गेला तेव्हा तू त्याला घेऊन इथे आलीस. इथे राहिलीस, मग परत मुंबईला गिरणीत वाइंडिंगवर, सूत गुंडाळायला गेलीस. लोक विचारत, का गेली. मी म्हणत असे, एकाने तरी कमवायला पाहिजे. त्यात खोटं काही नव्हतं. तू जायच्या आधी त्या दिवशी माशांचं तिखलं शिजत होतं तेव्हा मी तुझ्या हातातून पळी घेतली, हिसकावली नाही. मासे करपत होते. ज्याच्या हातात पळी असेल त्याने ढवळायचं असतं, तू उभी राहून बोलत होतीस. तू म्हणत होतीस की आम्हाला मांगराकडे वेगळं रांधू दे. मी म्हटलं, ह्या घरात एकच चूल पेटणार, मी जिवंत आहे तोवर. ते मी रागाने म्हटलं नव्हतं. हेच म्हटलं होतं, हे मला आठवतं.

असो.

जत्रा झाली. तुला माहीत आहे, जत्रेच्या दिवशी घरांच्या नावाने नारळ पुकारतात. हे होते तेव्हा त्यांच्या नावाने, ते गेल्यावर "आनंदीचा घर" म्हणून. यंदा धोंडूने आनंदीचं घर पुकारलं, मी नारळ दिला. आणि लगेच पुकारलं, "लवूचा घर!" लवू पुढे झाला. धुतलेला सदरा, डोक्याला तेल. नारळ दोन्ही हातांत धरून दिला, मेल्या हातावर ठेवून, चांगल्या हाताने वरून धरून. सगळे बघत होते. हात गेल्यापासून गावात कोणी त्याला लवू म्हणून हाक मारत नव्हतं, "थोटो" म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. त्या दिवशी "लवूचा घर" म्हणाले.

रात्री दशावतार होता, तो मधोमध बसला होता, मानकऱ्यांच्या मागे. मी बायकांत होते. राधाबाई, मी सांगते ते नीट वाच. त्याला हे आवडायला लागलं आहे. म्हणून घाई कर. मी एवढ्यासाठी दगड मांडले नव्हते.

तो आता सुंभ वळतो. काथ्या पायाच्या अंगठ्यात अडकवतो आणि डाव्या तळव्याने मांडीवर वळतो. बाजारात विकायला देतो. वाडीतल्या बायका म्हणतात, बघा, बिचाऱ्याला पोटासाठी काय काय करावं लागतं. आणि माझ्याकडे बघतात.

आनंदी


वरची वाडी, ता. ११ फेब्रुवारी १९६२

राधाबाईस.

हे पत्र कामाचं आहे. राग बाजूला ठेवून वाच.

लवूला विम्याच्या ऑफिसातून बोलावणं आलं आहे. मोठे डॉक्टर बसून हात परत तपासणार. पहिल्यांदा तपासला तेव्हा म्हणाले होते की काही दिवसांनी परत बघू, हात सुधारला तर पेन्शन कमी, नाही सुधारला तर तशीच कायमची. तो पुढच्या आठवड्यात मालवणाहून बोटीने निघेल. तुझ्याकडे उतरेल. दुसरं त्याचं मुंबईत कोण आहे.

आता अडचण ऐक. ऑफिसने तलाठ्याचा दाखला मागितला आहे, हा माणूस हयात आहे, इथेच राहतो, वगैरे. भाऊसाहेबाने तोच मजकूर उतरवला जो शाळेसाठी लिहिला होता. लवू वेगळा राहतो, स्वतः रांधून खातो, स्वतःचं पोट स्वतः भरतो. मी वाचलं आणि कपाळाला हात लावला.

मी म्हटलं, "अहो, हे तिकडे दाखवलं तर म्हणतील हात चांगला आहे."

भाऊसाहेब म्हणाला, "मग काय लिहू? काही करता येत नाही असं लिहू? मग शाळेचे लोक म्हणतील, काही करता येत नाही तर वेगळा राहतो कसा? तुमच्याच चुलीवर जेवत असणार."

"दोन्ही खरं होईल असं काहीतरी लिहा."

त्याने पान थुंकलं. "बाई, तसं लिहिता आलं असतं तर मी कलेक्टर झालो असतो."

म्हणजे माझ्या पोरीसाठी लवूने धडधाकट असलं पाहिजे आणि पेन्शनसाठी लुळं. माणूस एकच आहे. त्याचा हात कसा आहे ते कोणाला बघायचं नाही, कागद कसा आहे ते बघायचं आहे.

मी लवूला समजावलं. म्हटलं, डॉक्टरसमोर हात मांडीवर ठेव, बोलू नको, विचारलं तर दुखतं म्हण. दुखतंच ना? "थंडीत दुखता." म्हटलं, मग आता थंडीच आहे. तो उठून काथ्या सोलायला लागला. त्याचं असं उठून जाणं मला पसंत पडत नाही.

तू त्याच्याबरोबर जा. सुट्टी टाक. तिथे तू बोल, त्याला बोलू देऊ नको. वेळ आली तर चिमटा काढ. ती पेन्शन त्याच्या जन्माची आहे, हे लक्षात ठेव. सुंभावर जन्म जात नाही.

त्याच्याबरोबर कोकमं आणि डोकी काढून सुकवलेली सुंगटं पाठवते आहे. माझ्याकडून आहेत हे त्याला सांगितलेलं नाही, नाहीतर वेगळ्या चुलीचं म्हणून घ्यायचा नाही.

आनंदी


वरची वाडी, ता. २८ मार्च १९६२

राधाबाईस.

लवू आला. अंगावर नवा सदरा. तू घेतलास म्हणाला.

तुला सगळं माहीत आहे, तू तिथेच होतीस. तरी मी ऐकलेलं लिहिते, म्हणजे माझ्या कानापर्यंत काय पोचलं ते तुला कळेल.

मी विचारलं, काय झालं. त्याने कळशीतून पाणी घेतलं, स्वतःच्या कळशीतून, आणि मांगराच्या पायरीवर बसला. मी अंगणात उभी.

"डाक्तरान इचारल्यान, हातान काय काय करूक येता?"

"आणि?"

"राधान माका चिमटो काढल्यान."

"बरा केल्यान. मगे?"

"मगे डाक्तरान इचारल्यान, जेवान कोण करता? मी म्हटलंय, मीच करतंय. काल हिकाय रांधून घातलंय, इचारा हिका."

मी खाली बसले. "आणि राधा काय म्हणाली?"

लवू हसायला लागला. मी त्याला हात गेल्यापासून एवढं हसताना पाहिलं नाही. "म्हणाली, मीठ जास्त पडलेला."

राधे, एवढ्या मोठ्या डॉक्टरपुढे तुला मीठ सुचलं? मी तुला काय लिहिलं होतं आणि तू काय केलंस? तुझा नवरा, तुमची पेन्शन, मला काय करायचं आहे. पण तुम्हा दोघांना एका ठिकाणी ठेवलं तर अक्कल अर्धी होते.

त्याला विचारलं, का रे सांगितलंस? म्हणतो, "खोटा बोलूक जीभ वळली नाय. ती समोर बसली होती. तिच्यासमोर लुळो कसो होव?"

आता ऑफिसचा कागद आला आहे. पेन्शन कमी केली. बंद नाही, पण चांगलीच कमी. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मग तिसऱ्या दिवशी जानकीची परीक्षा होती, तिला सोडायला गेले, हेडमास्तर भेटले. पुढच्या वर्षीचा माफीचा अर्ज आत्ताच भरा म्हणाले. मी कमी झालेल्या पेन्शनीचं बोलले. त्यांनी मनात हिशोब केला आणि म्हणाले, "मग आता दिराची चूल एकत्र धरली तरी तुम्ही खालीच राहता. वेगळ्याची गरज नाही."

मी तशीच परत आले. वाटेत मला काय वाटलं ते लिहीत नाही.

वर्षभर मी लोकांच्या तोंडी राहिले, तो म्हशीजवळ झोपला, भात जाळला, आणि आता त्याची गरज नाही. भाऊसाहेबाला सांगितलं, तर तो म्हणाला, "बरं झालं की! एक दाखला वाचला."

आता मी त्याला घरात आणणार. सगळं पहिल्यासारखं होईल. तुला कळवते.

आनंदी


वरची वाडी, ता. ९ मे १९६२

राधाबाईस.

लवू घरात आला नाही.

मी धोंडू गावकाराकडे गेले होते. म्हटलं, देवाला जे सांगितलं ते परत कसं घ्यायचं? धोंडू म्हणाला, सोपं आहे, आणखी एक नारळ, चुली एक झाल्या म्हणून सांगू, देव रागावत नाही, देवाला घरांची सवय आहे. मी नारळ घेऊन घरी आले. जुना, शेंडीचा, पाण्याने भरलेला. लवूसमोर ठेवला.

"चल देवळात. चूल एक करूया."

त्याने नारळ उचलला, हलवला, परत ठेवला. "वयनी, नको."

"कित्याक नको? पोरीची फी सुटली. गरज संपली. आता कोणासाठी?"

"नको म्हटलंय ना."

"माझ्या रांधपाक काय झाला?"

"तुझा रांधप बरा गो. तसा रांधप मुंबयत गावना नाय."

"मगे?"

त्याने सुंभ परत मांडीवर घेतला. मग खाली मान घालून म्हणाला, "राधा येतली म्हणता."

मी म्हटलं, येऊ दे की, घर तिचं आहे, मी कधी नको म्हटलं?

तो म्हणाला, "ती म्हणाली, वयनीच्या चुलीर येवचंय नाय. तुझी चूल आसा तर येतंय."

तर हे तुमचं मुंबईत ठरलं होतं. डॉक्टरकडे जायच्या आधी की नंतर, ते मी विचारलं नाही. आता कळलं तू त्याला एक ओळ का लिहिली नाहीस. मी तुला सांगत होते, त्याला माझ्या घरात पाठव. तू गप्प राहून त्याला मांगरात ठेवत होतीस, आणि वाडी म्हणत होती मी ठेवला.

मला राग आला. अजून आहे. मी त्या नारळाचं काय केलं ते सांगते. फोडला, खोवला, त्याची कढी केली आणि जानकीने आणि मी खाल्ली. देवळात काही नेलं नाही.

मग दुसऱ्या दिवशी मी म्हैस मांगरातून काढून माझ्या पडवीत आणून बांधली. पडवीत वास येतो, पण तो माझा प्रश्न आहे. लवूने विचारलं, का? मी म्हटलं, म्हशीला तिथे गरम होतं. मांगर आतून शेणाने सारवला. कोपऱ्यात पाणी झिरपत होतं तिथे चिरा बसवायला गवंड्याला बोलावलं. लवू चिरा उचलायला लागला, मी त्याला ओरडले, त्याने तरी उचलला. खिडकी नव्हती, एक पाडून घेतली. ती माझ्या घराच्या बाजूला नाही, दुसऱ्या बाजूला, माडांकडे. मुद्दाम तशी घेतली.

दत्ताराम सांगत होता की वाइंडिंगमध्ये बायका कमी करताहेत. खरं असेल तर तू तशी येणारच असशील. खोटं असेल तरी ये.

मी हे का लिहिते ते ऐक, म्हणजे तुला दुसरा काही अर्थ लावायला नको. पुढच्या वर्षी तलाठी बदलेल, नवा येईल, आणि नवा माणूस नेहमी जास्त विचारतो. मांगरात एकटा पुरुष रांधताना बघितला तर म्हणेल, ही चूल दाखवायला मांडली आहे. तू असलीस तर कोणी तसं म्हणणार नाही. बायको असली की चूल खरी. जानकीला अजून तीन वर्षं शिकायचं आहे. तेव्हा तिच्या दाखल्यासाठी तू इथे असणं बरं. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की वेगळ्या चुलीची आता गरज नाही, ते मी विसरलेले नाही.

पाऊस लागला की बोटी बंद होतील, मग तुला कोल्हापुराकडून गाडीने घाट उतरून यावं लागेल, आणि तुला गाडीत उलट्या होतात. म्हणून ह्या महिन्यातच ये. लवूला काही कळवू नको, कळवलंस तर तो रोज धक्क्यावर जाऊन बसेल आणि सुंभ तसाच राहील.

तू आलीस की तुझी भांडी तुझ्या चुलीवर. मी मांगराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही. बोलावलंस तर येईन, पाटावर बसेन, वाढशील ते जेवीन, आणि तिखट-मिठाबद्दल काही बोलणार नाही. हे शेवटचं मला जमेल की नाही ते आत्ता सांगत नाही.

आनंदी